एकट्यानं उचलायचं

पनवेलला हाडांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी मासे विकणारी एक आजी आणि कंबर धरून बसलेला तिचा नातू.

"काय उचलत व्हतास रं?"

"डेडलिफ्ट. जमिनीवरचा बार उचलायचा. पाठ मजबूत होते."

"मंग झाली?"

"साठ किलोपर्यंत होत होती. काल शंभर लावले."

"संगती कोन व्हता?"

"एकट्यानंच उचलायचं असतं, आजी."

"चालीस वरसं म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेते मी. एकटीनं कवा नाय उचलली. रस्त्यानं जाईल त्याला हाक मारते, हात लाव रं बाबा."

"जिममध्ये असं म्हटलं तर हसतील."

"हसू दे. पाठ त्यांची हाय का?"

"प्रितेश कोळी!" कंपाउंडरने पुकारलं.

नातू उठायला गेला आणि अर्ध्यातच अडकला.

"आजी."

"बोल ना."

"हात लाव."