पान शहाऐंशी

— नाही हो भाऊ, ते चालत नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. तुमच्या पुढे टेबलावर ही चळत दिसतेय ना, ही सगळी आजच्या टपालाची, आणि अजून दुपारचं टपाल यायचंय. प्रत्येकाला आपलंच पत्र तातडीचं वाटतं. परवा एक बाई आल्या, म्हणे मला पोपट पाळू का नको ते आजच कळलं पाहिजे. आता बोला! — बसा की, उभे का? ती खुर्ची डुगडुगते, दुसरी घ्या. पत्र ठेवा इथे, पाकिटावर पत्ता नीट घाला, उत्तराचं कार्ड घरी येईल. — मास्तर भेटत नाहीत हो. म्हणजे भेटतात, सकाळी अंगणात बसतात, लांबून बघता येतं. पण बोलणं नाही. शहाऐंशी वर्षांच्या — छे, काय बोलतेय मी, ब्याऐंशीच्या माणसाला रोज शंभर जणांनी आपली गाऱ्हाणी सांगायची म्हणजे काय. म्हणून तर हा उत्तर विभाग काढला. तुम्ही आपलं दुःख लिहायचं, इथून कार्ड जातं. कार्डावर एक आकडा. मास्तरांच्या पुस्तकाचं तेवढंच पान उघडायचं, तेवढंच वाचायचं, मागचं-पुढचं नाही, आणि महिनाभर त्याप्रमाणे वागायचं. सोपं आहे. लोकांना सोपं लागतं.

— असं होय, तुम्हाला आधी आलंय कार्ड? मग जुनेच म्हणायचे तुम्ही. मग तर नियम ठाऊक असायला पाहिजे. — शनिवारी? परवाच्या शनिवारी? कोण जातंय? — मुलगा. बोटीवर नोकरी लागली. बरं मग, चांगलंच आहे की, पेढे बिढे वाटायचे सोडून — अहो, असं तोंड काय करता? मी गमतीनं म्हणाले. — त्याच्या मावशीनं निरोप दिला. त्यानं नाही दिला. बोलत नाही का तुम्ही दोघं? — किती? चौदा महिने! पोटचा पोरगा, आणि चौदा महिने? आणि आता तुम्हाला विचारायचंय की शनिवारी बंदरावर जाऊ की नको. एवढंच ना? मग त्याला पत्र कशाला हवं, भाऊ? पाय आहेत ना? — हो, मास्तरांनी आधी सांगितलंय त्याविरुद्ध कसं जायचं. बरोबर आहे. तसं नाहीच जाता येत. — दाखवा ते कार्ड.

बघू. शिक्का आमचाच. अक्षर माझंच. तारीख —

थांबा हं जरा. चष्मा कुठे गेला माझा. — कपाळावर आहे होय. — तारीख मागच्या वर्षीची. आकडा शहाऐंशी. तुम्ही पत्रात काय लिहिलं होतं, भाऊ? नाही, सांगा ना, मला रोज चाळीस पत्रं असतात, सगळी कशी लक्षात राहतील. — गाडी मुलगा चालवत होता. धुकं होतं. बायको शेजारी बसली होती. — अरे देवा. — 'तिला मी पांढऱ्या कापडात पाहिलं आणि ह्याचा हात नुसता खरचटला होता.' हे तुम्ही लिहिलं होतंत. नाही, नका सांगू, आठवलं मला. हा 'नुसता' शब्द आठवतो. मी तेव्हा पत्र खाली ठेवून पाणी प्यायले होते. तुम्ही विचारलं होतंत की तो दर रविवारी फोन करतो, मी उचलतो आणि बोलत नाही, आता तो घरी यायचं म्हणतोय, येऊ देऊ का. बरोबर? आणि मी — म्हणजे इथून — शहाऐंशी लिहून पाठवलं.

— चहा घेणार? घ्या थोडा. नको तर नको.

पुस्तक आणलंय तुम्ही? दाखवा. — हो, हेच. नवी आवृत्ती. निळ्या पुठ्ठ्याचं. आधीचं मातकट होतं, तुम्ही नसेल पाहिलं. ही निळी मागच्या वर्षी निघाली ना, तेव्हा आमच्या सचिवांनी — मी त्यांना मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते, तुम्ही बाहेर बोलू नका — त्यांनी सुरुवातीला प्रस्तावना घातली. ह्या मोठ्या माणसाची, त्या मोठ्या माणसाची, मग मास्तरांचे फोटो, झाडाखाली, माडीवर, मांजराबरोबर. चोवीस पानं. आणि आकडे पहिल्या पानापासून चालू. — तुम्हाला काय त्याचं, म्हणता? ऐका तर खरं. हा जुना तक्ता बघा, टेबलाच्या काचेखाली, नव्याच्या मागे अजून राहू दिलाय. राग एक्केचाळीस, लोभ सत्तर, क्षमा शहाऐंशी, व्यसन बासष्ट. हा मी बनवलाय. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा अशीच पत्रं पोत्यात पडून असायची, कुणी उत्तर देईना. मी शाळेच्या कचेरीत काम केलेली बाई, मला पसारा बघवत नाही. तेव्हा पुस्तक मला पाठ होतं. म्हणजे अगदी उशाला घेऊन झोपायचे मी. नवरा गेल्यावर त्या पुस्तकानंच मला — असो. मी तक्ता केला, मास्तरांना दाखवला, ते म्हणाले, वा. झालं. तेव्हापासून पत्र वाचायचं, तक्त्यात बघायचं, आकडा टाकायचा, शिक्का मारायचा. मास्तर पत्रं वाचत नाहीत, भाऊ. — हो, कार्डावर 'मास्तरांचे उत्तर' छापलंय. छापलंय खरं.

आणि आता विचारलंच आहे तर — तुम्ही नाही विचारलंत, मीच सांगतेय — मी पुस्तक उघडणंच सोडलं होतं. किती वर्षं झाली कोण जाणे. कशाला उघडू? तक्ता आहे ना. आचारी आपलंच जेवण चाखत नाही म्हणतात तसं. नवी आवृत्ती आली, मी एक प्रत घरी नेली, कपाटात ठेवली. आणि इथे आपली एक्केचाळीस, सत्तर, शहाऐंशी. तीन महिने! तीन महिने लोकांच्या हातात निळं पुस्तक आणि माझ्या टेबलावर मातकट पुस्तकाचा तक्ता. अहो, समजतंय ना काय म्हणतेय ते? जे पान मी सांगत होते ते त्यांच्या पुस्तकात तिथे नव्हतंच. चोवीस पानं पुढे सरकलं होतं.

कळलं कसं, ते ऐका. आभाराच्या पत्रांवरून! एक सून रोज सासूशी भांडायची, तिला मी रागाचं पान दिलं, तिला मिळालं मौनाचं. ती आठ दिवस तोंडातून शब्द काढीना. सासूची पाचावर धारण — पोरीला काय झालंय म्हणून स्वतः चहा करून द्यायला लागली. सुनेनं लिहिलं, मास्तर, चमत्कार झाला. मी म्हटलं, मौन? मी कुठे मौन सांगितलं? मग एकानं बढतीसाठी विचारलेलं, त्याला लोभाच्या ऐवजी मरणाच्या तयारीचं पान गेलं. त्यानं चक्क मृत्युपत्र करून टाकलं, धडधाकट माणूस, आणि वर लिहितो, माझे डोळे उघडले. — तुम्हाला हसू येतंय. मलाही आलं तेव्हा. मी कपाटातून निळं पुस्तक काढलं आणि माझं हसू तिथेच मावळलं.

मी गप्प बसले नाही हं. गुळगुळीतांकडे गेले. म्हटलं, सगळ्यांना दुसरं कार्ड पाठवू या, चूक झाली म्हणून. ते म्हणाले, बाई, तक्रार आलीय का एक तरी? नाही आली. फायदा झाल्याची पत्रं आली का? आली. मग मास्तरांच्या नावाला तुम्ही स्वतःच्या हातानं काळं फासणार? तक्ता बदला आणि विषय संपवा. मला ते पटेना, म्हणून मास्तरांकडे गेले. ते उन्हात बसले होते, पाय कोमट पाण्यात. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, 'अगं, माझ्या पुस्तकात चुकीचं पान आहे तरी कुठलं, दाखव बरं मला.' आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. ते खोल होतं की नुसतंच आपल्या पुस्तकाचं कौतुक होतं, मला आजवर समजलेलं नाही, भाऊ. वाईट माणूस नाही हो तो. पण मला सुटल्यासारखं झालं, हे मात्र खरं. घरी आले आणि गाढ झोपले. त्या झोपेची मला आता लाज वाटते.

मग तुमच्याकडे कुठलं पान गेलं? तुमच्या निळ्या पुस्तकातलं शहाऐंशी म्हणजे जुनं बासष्ट. मी वाचू की तुम्हाला पाठ आहे? — पाठच असणार. 'ज्याने तुझे घर उजाड केले त्याला पुन्हा आत घेऊ नकोस. तो रडेल, गयावया करील, जुन्या दिवसांची आठवण देईल. कडी काढू नकोस.' हेच ना? — अहो, हे दारूबद्दल आहे! बाटलीबद्दल! एक पान मागे उलटा, पंच्याऐंशीवर, बघा, चांगलं ठळक लिहिलंय, व्यसन. तुम्ही उलटलं नाहीत. कसे उलटाल, मीच कार्डावर छापून घेतलंय, मागचं-पुढचं वाचू नये.

मग तो आला का घरी? — आला. बॅग घेऊन आला. आणि तुम्ही — काय? जोरात बोला. — दाराआडून? हे पान? वाचून दाखवलंत? सगळं? — आणि तो? — शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बॅग उचलली आणि गेला. आणि रविवारचा फोन बंद.

अहो, तुम्ही... नाही, तुम्हाला काय बोलू. मला बोला. शिव्या द्या मला, चपलेनं मारा, मी हूं की चूं करणार नाही. पण एवढं डोक्यात घ्या, की मास्तरांनी तुम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, आणि मी जे सांगितलं ते तुम्हाला मिळालंच नाही. मी क्षमा सांगितली होती. हे बघा, हे एकशे दहा, मीच काढून देते — 'चूक ज्याच्या हातून झाली तोही त्याच आगीत होरपळला आहे. आधी त्याला पाणी दे.' हे होतं तुमचं पान. पहिल्या दिवसापासून हे होतं.

— हसताय का? असे का बघताय माझ्याकडे? — परीक्षा? कुणाची परीक्षा? — नाही, नाही, नाही! भाऊ, काय बोलताय तुम्ही! मास्तरांनी मला कशाला सांगितलं असेल तुमची श्रद्धा बघायला? मास्तरांना तुमचं नावही ठाऊक नाही! — अहो, डगमगला नाहीत म्हणून शाबासकी द्यायला नाही बसले मी! तुम्ही डगमगा, माझे बाबा! हात जोडते. चूक झाली. साधी, कारकुनी चूक. तुम्हाला हे का चालत नाही? — हां. — हां, आलं लक्षात. ते पान चुकीचं निघालं, तर मग दाराआड उभं राहून वाचणारे तुम्हीच उरता. नुसते तुम्ही. माझंही तसंच आहे हो, म्हणून तर वर्षभर गप्प बसले. — बरं, नका मानू. रडू नका. नाही म्हणत मी काही.

शनिवारी किती वाजता सुटते बोट? — सकाळी नऊ. आणि तुम्ही तिथे जाणार नाही, माझ्या सांगण्यावरून. मी कोण, एक कारकून बाई. कार्डाशिवाय जाणार नाही.

ठीक आहे.

हे कोरं कार्ड. तारीख आजची. पान — एकशे दहा. शिक्का. हे घ्या. मास्तरांचं उत्तर. — हो, त्यांचंच. आत्ता आलं, आतून. बघता काय, घ्या की! दोन मिनिटांपूर्वी मी काय काय बडबडले ते विसरा, ती परीक्षा होती, पास झालात तुम्ही, झालं समाधान? पुस्तक इकडे द्या, पान मी दुमडून ठेवते, नाहीतर पुन्हा भलतंच उघडाल. — हे बघा. वाचा इथेच, माझ्यासमोर. — वाचलंत? काय करायचंय मग? — हं. जायचंय. शनिवारी, नऊच्या आधी. सातलाच जा. आठवण ठेवा, गाडीघोड्याचा नेम नसतो.

— आभार त्यांचेच माना, माझे कशाला. सांगते, सांगते त्यांना. या आता. बाहेर लोक ताटकळलेत.

अहो, भाऊ! — जरा थांबा. पुस्तक काढू नका हं तिथे. वाचून दाखवू नका त्याला हे, काहीच वाचून दाखवू नका. पुस्तक पिशवीतच राहू द्या. तो दिसला की नुसतं त्याचं नाव घ्या, घरात घेत होतात तसं. पुढचं आपोआप होतं. — काय? — काय म्हणालात?

हे कुठल्या पानावर आहे?

— नाहीये हो. कुठल्याच पानावर नाहीये. जा तुम्ही.