बसलेल्या घशाचा सौदा

घशाच्या डॉक्टरांची कंपाउंडरबाई नंबर पुकारता पुकारता कान टवकारून बसली होती. शेअरबाजारातल्या एका दलालाला बायको फैलावर घेत होती.

"दहाला घंटा होईल! आज शेअर विकले नाहीत तर गिऱ्हाईक गेलंच म्हणा."

"तूच चल भाव ओरडायला," तो कसाबसा कुजबुजला.

"मला आत कोण घेईल? तिथं सभासदच लागतो."

"मग हातानं. तळवा बाहेर म्हणजे विकतोय."

"त्या गलक्यात तुमच्या हाताकडे बघतंय कोण?"

"मी बघतो!" समोरच्या बाकावरून घोगरा आवाज आला. "मीही तिथलाच दलाल. तुमचे शेअर इथंच घेतले असते, पण सौदा घंटेनंतर, आतच व्हायला हवा."

"भाऊजी, तुम्ही तरी ओरडाल ना?"

"कशानं, वहिनी?"

कंपाउंडरबाईनं सतरा नंबर पुकारला, मग अठरा. दोन्ही बाकं रिकामी होती.