साबणदाणी आणि धूड

भिंगरी : आजोबा, आजीला न बघताच तुम्ही तिच्या प्रेमात पडला होतात? रागावू नका हं! मैत्रिणींनी पैज लावलीय, मी विचारणारच नाही म्हणून.

आजोबा : जिंकलीस. बघितलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. रेडिओवर नुसतं मोर्स लिपीतल्या टिंब-रेघांचं कट्ट-कडकट्ट.

भिंगरी : कट्ट-कडकट्टवर कुणी भाळतं?

आजोबा : प्रत्येकाचा हात वेगळा असतो, भिंगरे. ती शेवटची रेघ जराशी लांबवायची. निरोप घेऊनही दारात रेंगाळावं, तशी.

भिंगरी : आई गं! आणि तुम्ही बोलायचात कोपऱ्यातल्या या रेडिओच्या धुडावरून?

आजोबा : छे! हा घे.

भिंगरी : ही तर साबणदाणी!

आजोबा : आत बघ. घरी जोडलेला रेडिओ. मित्र म्हणाले, ‘याचा आवाज गल्लीबाहेर गेला तर मिशा काढू.’ समुद्रापलीकडून तुझ्या आजीनं उत्तर दिलं.

भिंगरी : आणि मिशा?

आजोबा : तिघांच्याही गेल्या.

भिंगरी : तरीच हा छोटा ठेवताय! त्या धुडाला उचलायलाच दोन माणसं, आतले दिवे तापेस्तोवर माझी आंघोळ होते.

आजोबा : म्हणून तर उद्या भंगारवाला येतोय. मीच बोलावलाय. धूड गेलं की ही खोली तुझी. पलंग, टेबल, आतून कडी.

भिंगरी : कडी! किती वर्षं मागतेय मी! आजोबा, मी परीक्षा देऊन रेडिओचा परवाना काढते, मग या डबीतून हाक मारीन. उत्तर आलं की पहिलं तुम्हाला ऐकवीन.

आजोबा : उत्तर कसं येईल गं?

भिंगरी : का? आजीचं आलं होतं ना?

आजोबा : हा नुसता बोलतो. ऐकतो तो मोठा.

भिंगरी : म्हणजे आजी... या धुडातून ऐकलीत तुम्ही?

आजोबा : हं.

भिंगरी : म्हणून रोज दुपारी याचे हेडफोन कानाला लावून बसता?

आजोबा : ती गेल्यापासूनची सवय आहे. कुणी शेवटची रेघ लांबवतंय का, एवढंच बघतो.

(भिंगरी दार सताड उघडते.)

भिंगरी : आई! बाबा! भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा.

आई : आणि तुझी खोली? डोकं खाल्लंयस आमचं!

भिंगरी : घेतेय की, धुडासकट. टेबल नको, पलंगावर बसून अभ्यास करीन. आणि बाबा, ती कडी बसवू नका. आजोबा दुपारी येतील.