कन्यादानाचं पाणी कुणी घातलं?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचा विचार करा. घरातलं माणूस गेलं, तर त्याची जागा राखायची कशी? रिकामी ठेवायची? फोटोला हार घालून भरायची? की तिथं दुसऱ्या कुणाला बसवायचं?

मोठ्यानं सांगू नका, मनात ठेवा. आज पुराणातला राजा नाही, राणी नाही. आजचं आख्यान माझंच आहे.

माझी इंदू गेल्या आषाढात गेली, तुम्हाला ठाऊक आहे. त्या खांबाशी बसायची. कीर्तन लांबलं की पदर सारखा करायची – म्हणजे, बुवा, आटपा. जायच्या आधी मला म्हणाली, "मृणालचं लग्न पुढं ढकलू नका. तिकडं पर्थला तर पर्थला. आणि पाटावर एकटे बसू नका. आपल्या पोफळीची सुपारी कमरेला लावा. तेवढीच मी येईन."

तरुण मंडळींसाठी सांगतो. कन्यादानाला जोडप्यानं बसायचं असतं. बायको नसेल तर नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचायची. ती सुपारी म्हणजे बायको.

मी म्हटलं, "असं का बोलतेस?"

तर म्हणते, "बरंच की. माझं तिकीट वाचलं."

आठ महिने ती सुपारी मी देवघरात ठेवली. रोज तिच्याशी बोललो. अहो दत्ताराम, पेटीवर डोकं टेकून हसू नका, एकट्या माणसानं बोलायचं कुणाशी?

फाल्गुनात निघालो. ऑस्ट्रेलियाच्या विमानात एक कार्ड भरायला देतात. बिया, फळं, झाडपाला काही आणलंय का? शेजारी नाशिकचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "महाराज, सुपारी असेल तर सांगून टाका. इथं चालत नाही, काढून घेतात."

काढून घेतात! मग मी काय केलं? तीस वर्षं सत्यावर कीर्तनं करणाऱ्या या माणसानं 'नाही'वर खूण केली, विमानाच्या संडासात गेलो आणि सुपारी धोतराच्या कनवटीला खोचली.

उतरलो. तिथं सामान हुंगायला एक कुत्रं फिरत होतं. दोनशे माणसं सोडून ते माझ्यापाशी आलं आणि समोर बसलं. हलेना. टक लावून माझ्या कमरेकडं बघतंय. इतकं लक्ष देऊन या देवळात आजवर कुणी बसलेलं नाही.

एक अधिकारी बाई आल्या. सुपारी बाहेर निघाली. त्यांनी विचारलं, "व्हॉट इज धिस?"

माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. मी म्हटलं, "माय वाइफ."

बाईंनी सुपारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, "वाइफ डेड. डॉटर मॅरेज."

मंडळी, आठ महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. गावात सगळ्यांना माहीत होतं, मला म्हणायची वेळच आली नव्हती. म्हटलं मात्र, आणि तिथंच उभ्या उभ्या रडलो. भीतीही होती. परत पाठवलं तर? लेक तिकडं हळद लावून बसलेली.

बाईंनी थांबू दिलं, पाणी दिलं. खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, हे सावकाश समजावलं. लेखी ताकीद दिली. सुपारी पिशवीत घालून घेऊन गेल्या. मी सुटलो, पण कंबर मोकळी.

बाहेर मृणाल उभी. "बाबा, एवढा वेळ?"

"तुझ्या आईला पकडलं," म्हटलं. पोर आधी हसली, मग गाडीत बसेपर्यंत रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी लग्न. तिथले पाटणकर गुरुजी आठवडाभर बँकेत असतात, सुट्टीला लग्नं लावतात. ते म्हणाले, "काळजी नको, माझ्याकडं इथल्या दुकानातली आहे. खोचा."

"गुरुजी, ही माझी बायको नव्हे."

"अहो, सुपारी ती सुपारी."

"तुमच्या घरी चालतं का असं? बायको ती बायको?"

गुरुजींनी आपली सुपारी परत ताटात ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुमचं खरं, पण पाणी कोण घालणार?"

कन्यादानात खाली जावयाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, वर बापाची, आणि आईनं धार धरायची. मी पाटावर बसलेला. शेजारचा पाट रिकामा.

मृणाल म्हणाली, "तांब्या इकडं द्या. मी घालते."

"नवरीनं आपल्याच कन्यादानाचं पाणी घालायचं? आणि तुझी ओंजळ?"

"डावा हात खाली धरते, उजव्यानं घालते."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "बुवा, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? एकटं बसू नका, असं इंदू सांगून गेली होती. आणि समोर इंदूच्या पोटची पोर तांब्या घेऊन वाकलेली. आठ महिने मी तिला साधं विचारलं नव्हतं, की बाई, तू परक्या मुलखात आईसाठी कशी रडलीस? रोज सुपारीची चौकशी करत होतो.

म्हटलं, "घाल."

तिनं धार धरली. पाणी माझ्या हातांतून तिच्या हातावर, तिथून जावयाच्या, डॅनियलच्या, ओंजळीत. अर्धं त्याच्या रेशमी धोतरावर. त्यानं विचारलं, "झालं?" आणि मांडव हसला. मीही हसलो. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं वाटलं. मी एकटा बसलो नव्हतो.

आता तुम्ही. कुणाच्या घरी गेलेल्या आईची काठी आहे, कुणाकडं भावाचा चष्मा. तुम्ही तो रोज पुसता. पुसा, माझी ना नाही. पण त्याच माणसासाठी पलीकडच्या खोलीत आणखी कुणी झुरतंय. त्याला शेवटचं कधी विचारलंत?

आज आरतीला थांबला नाहीत तरी चालेल. देवाचं मी बघतो. तुम्ही घरी जा आणि त्या खोलीत जाऊन बसा.