सावंतांचा लोहचुंबक

सावंतांबरोबर जुनी गाडी बघायला कधी जाऊ नका. मी एकदा गेलोय. बोईसरला आमच्या कारखान्यात ते माल तपासायचे आणि केसभर फरक दिसला तरी अख्खा माल परत पाठवायचे. त्यांना जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरच्या धर्मा तांडेलची मोटार घ्यायची होती. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं.

सावंतांनी खिशातून लोहचुंबक काढला. चिकटला तर खरा पत्रा, पडला तर लांबी भरून वर रंग मारलेला. दाराला लावला, पडला. बॉनेटला लावला, पडला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला आणि होडीची भोकं बुजवावीत तशी धर्माने गाडी बुजवलेली.

"हिचे पार्टसुद्धा मिळत नाहीत आता," सावंत म्हणाले. "कंपनीनं बंद केलीय."

"हिच्यात कंपनीचं उरलंय काय?" धर्मा छाती काढून म्हणाला. "सगली मीच केलेली हाय."

"मग अर्ध्या किमतीत द्या."

"नाय. एक पैसा कमी नाय."

"अहो, चुंबक चिकटत नाही!"

"तुमच्या पिशवीत हार दिसतोय ना, साहेब?"

खरंच दिसत होता. गाडीच्या पूजेसाठी हार आणि नारळ वहिनींनी सकाळीच बांधून दिले होते. सावंतांनी मुकाट्याने मागेल ती किंमत दिली, गाडीला हार घातला आणि नारळ फोडायला हात उचलला. तसा धर्मा धावत आला.

"साहेब, जरा लांब नेऊन फोडा. गाडीला हादरा नको!"