वेशीवरचा बॅनर

दहावीतली वेदिका नाशिकच्या बसस्टँडवर पुस्तक उघडून बसली होती खरी, पण तिचे दोन्ही कान शेजारच्या बाकड्याकडे पळाले होते. तिथे पेठकडची एक आई आणि जेवणाची पार्सलं पोचवणारा तिचा लखन बसले होते.

“चल ना रं, दोन दिस तरी. घर खायला उठतं.”

“नाय आये. वेशीवर माझा बॅनर हाय. ‘गावाचा पहिला इंजिनिअर’! त्याच्याखालून ही पिशवी घेऊन येऊ?”

“पिशवी इथंच ठेव.”

“अन् लोकांनी इचारलं, कुठल्या कंपनीत हाय, तर?”

“सांग एखादी.”

“सांगतो. रोज गेटपर्यंत जातो की. आतल्या सायबांचं जेवण घेऊन.”

“बॅनर नाय आता. घर गळाय लागलं, तवा म्याच उतरवला. कौलांखाली ताणून बांधला.”

“उलटा बांधला ना?”

“नाय रं. तुझं तोंड खाटेकडं केलंया. निजले की तू दिसतो.”

पेठची गाडी लागली. आई उठली, तेवढ्यात लखनचा मोबाइल वाजला.

“येतो ना?”

“आये, पार्सल आलंय.”

“जा मग. गरम हाय तवर पोचव.”