मंगलावहिनींची वही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बहारीनच्या मराठी मंडळाचेही प्रमुख जयेशराव, व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती शिवदासभाऊ आणि मंगलावहिनी, सूत्रसंचालन करणारी आमची अपेक्षा, आणि हमद टाउनच्या एक ते बावीस नंबरच्या राउंडअबाउटांना वळसे घालत इथे पोहोचलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

तुमची एक तक्रार मला पाठ आहे. आपल्याला कुणी हिशोबात धरतच नाही! इथे आपण परके. गावी गेलो की पहिला प्रश्न, "परत कधी जाणार?" कुठलाही फॉर्म घ्या, आपली जागा शेवटच्या रकान्यात. 'इतर'. खरं की नाही? टाळ्या नकोत, नुसत्या माना हलवा.

आज हा रकाना आठवायला कारण घडलंय. एकतीस वर्षं बस चालवून शिवदासभाऊ निवृत्त झाले. उद्या दुपारच्या विमानाने दोघं लेकीकडे, पूर्णिमाकडे, अमेरिकेला निघालेत. न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये. आई घाबरू नये म्हणून पूर्णिमाने त्या गावाची सगळी माहिती छापून पाठवली. वहिनींनी कागद माझ्या हातात दिले, कारण छापलेलं काही दिसलं की मला राहवत नाही. लोकसंख्या नऊ हजार आठशे बारा. मध्यम वय त्रेचाळीस. स्वतःच्या घरात राहणारे ब्याऐंशी टक्के. दर घरी माणसं दोन पूर्णांक सात. त्यातले सात दशांश म्हणजे आपला जावई असणार, असा शिवदासभाऊंचा तर्क. आणि अगदी तळाशी, 'इतर' एक पूर्णांक चार टक्के. बघा, तिथेही आपली जागा राखून ठेवलीय!

मी मोठ्या आवाजात सगळं वाचून दाखवलं. वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्या सगळा बरा हा, पण बाजूक कोण रवता, ता खंय लिवलाहा?"

मित्रहो, मी जन्मभर समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली. एकाही पुस्तकाने मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

हा प्रश्न विचारायचा अधिकार या बाईंचा आहे. कारण गेली चोवीस वर्षं त्यांनी आपल्या टाउनशिपची माहिती एका वहीत लिहून ठेवली आहे. टक्केवारी नाही, माणसं. वाचून दाखवू? "नऊ नंबर राउंडअबाउट, कोल्ड स्टोअर किराणा दुकानाच्या मागे, दारात तुळस. बाळंतीण आहे, आई येऊ शकली नाही, डिंकाचे लाडू द्यायचे." "चौदा नंबर. एकटा असतो. शनिवारी उपास. हाक मारल्याशिवाय येत नाही." सांगा, कुठल्या सरकारी गणनेत 'हाक मारल्याशिवाय येत नाही' असा रकाना असतो? शिवदासभाऊंचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, "हिणा सगळ्या दुनयेची खबर लिवन ठेवल्यान, माझो चष्मो खंय ता मात्र कधी लिवक नाय!"

पण या वहीत एक दोष आहे, आणि सत्काराच्या दिवशीही तो मी लपवणार नाही. मंगलावहिनी नाव खोडत नाहीत. कुणी कायमचं गाव गाठलं, कुणी दुबईला गेलं, तरी नावापुढे एकच शब्द, 'रजेवर'. सात वर्षांपूर्वी गणपतीच्या महाप्रसादाला आमच्या जयेशरावांनी ही वही बघून चारशे पानांचा स्वयंपाक सांगितला. पंगतीला आले दोनशे दहा! पातेली झाकून ठेवलेली, भर दुपार, आणि जयेशराव घामाघूम.

"वहिनी, अहो हे सावंत दोन हजार अकरालाच गेले! कायमचे!"

"कायमचे म्हणान तुका सांगूक इल्ले काय?"

अन्न टाकायचं नाही, एवढं ठरलं. शिवदासभाऊंनी पिकअप आणली, मसालेभात आणि शिऱ्याची पातेली चढवली आणि आम्ही तुबलीला गेलो. तिथे गॅरेजांच्या वरच्या खोल्यांत आपली काही मुलं राहतात, असं भाऊंनी ऐकलं होतं. एकाने दार उघडलं. हातभर काळं तेल. देवगडचा प्रशांत, गाड्यांचे पोचे काढतो. बहारीनला येऊन अकरा वर्षं झालेली. मी म्हटलं, "आम्ही मराठी मंडळाकडून आलोय." तो म्हणाला, "मंडळ? तां फॅमिलीवाल्यांचा ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मला आजही टोचतो. आपल्याला कुणी धरत नाही म्हणून रडणारे आपण! वीस मिनिटांच्या अंतरावर आपणच शेहेचाळीस माणसांना 'इतर' करून ठेवलं होतं. पातेल्याच्या झाकणावर वही ठेवून वहिनींनी शेहेचाळीस नावं लिहून घेतली. पुढच्या गणपतीला याच पोरांनी पत्र्याचं मखर केलं. हाताने ठोकलेली कमळं, एकही पाकळी वाकडी नाही. प्रशांत शेवटच्या रांगेत बसलाय. उभा राहा रे!

"ऱ्हवांदे हो सर," म्हणतोय. बरं, बस.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दोन मिनिटं.' म्हणजे मुद्द्यावर यायलाच हवं. गेल्या शुक्रवारी कमिटीने ठरवलं की वहिनी गेल्या की वही बंद. पुढे सगळं ऑनलाइन फॉर्मवर. अपेक्षाने फॉर्म मेहनतीने केलाय, माझं तिच्याशी भांडण नाही. पण तिनेच परवा प्रशांतचं नाव भरून पाहिलं. फ्लॅट नंबर? नाही. फॅमिली व्हिसा? नाही. खाली लाल अक्षरं आली, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. नाव गेलंच नाही! सात वर्षांपूर्वी उघडलेलं दार आता आपण पुन्हा लावून घेणार, आणि वर त्याला सुधारणा म्हणणार?

वहिनींना विचारलं, वहीचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "कोणाक नको आसात तर माझ्या बॅगेत टाकतंय." बहारीनची आपली अख्खी वस्ती न्यू जर्सीच्या एका कपाटात पडून राहील. चालेल तुम्हाला?

काल मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चारशेच्या वर नावं. दोन सापडली नाहीत. मंगला आणि शिवदास. सगळ्यांना लिहिणाऱ्या बाईंना स्वतःला लिहायला सुचलंच नाही.

मला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल मंडळाचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. जयेशराव, तुम्हाला लागलं असेल तर थोडं लागू द्या, मग पोटात घाला. शिवदासभाऊ, मंगलावहिनी, निघताना 'येतो' म्हणा, बाकीचं वही बघून घेईल.

आणि आता एकच काम. दाराजवळच्या टेबलावर वही उघडून ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलं आहे. जयेशराव, पहिली ओळ तुम्ही लिहा. मंगला आणि शिवदास, नऊ नंबर राउंडअबाउट, रजेवर. त्यानंतर तुम्ही सगळ्यांनी, जेवायला जाण्याआधी, वहीत नसलेल्या एका माणसाचं नाव लिहा. फ्लॅट नंबर नसेल तर गॅरेज लिहा, दुकान लिहा, मुहर्रकची गल्ली लिहा. पण नाव लिहा, आणि मगच ताट उचला.